स्वमग्नांची आत्मचरित्रे आणि 'मी'चा प्रश्न

१९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. त्यातील दोन नोंदी साहित्याच्या अभ्यासकानेही लक्षात घ्याव्यात अशा आहेत. या मुलांपैकी अनेकांची पाठांतरशक्ती असामान्य होती. आणि सर्वनामे ती ऐकली तशीच परत उच्चारीत, म्हणजे स्वतःविषयी बोलताना 'तू' म्हणत. ब्रूनो बेटलहाइम यांनी 'द एम्प्टी फोर्ट्रेस' (१९६७) या ग्रंथात या उलटापालटीचा अर्थ स्वत्वाचा नकार असा लावला. किल्ला आहे, पण आत कोणी नाही, हा निर्णय शीर्षकातच दिलेला आहे. मराठीने मात्र या अवस्थेला 'स्वमग्नता' म्हटले. ज्या 'स्व'मध्ये मग्न व्हायचे तोच या सिद्धांताने नाकारला होता.

आत्मचरित्राची मीमांसाही या काळात फार वेगळ्या गृहीतावर उभी नव्हती. जॉर्ज गुस्डोर्फ यांच्या मते (१९५६) आत्मचरित्रकार विखुरलेल्या आयुष्याला एकात्म आकार देतो. फिलिप लजन यांनी १९७५ मध्ये लेखक, निवेदक आणि मुख्य व्यक्ती यांच्या एकत्वाची हमी हाच आत्मचरित्राचा करार मानला. ज्याचा 'मी'च संशयित, त्याने या करारावर सही कशी करावी?

टेंपल ग्रँडिन यांचे 'इमर्जन्स' मार्गारेट स्कारियानो यांच्या सहलेखनाने १९८६ साली आले, तेव्हा हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. ऑलिव्हर सॅक्स यांच्यासारख्या सहृदय वाचकालाही प्रथम संशय आला: स्वमग्न मनाला आत्मभान नसते असे मानले जात असताना आत्मचरित्र लिहिले कोणी? ग्रँडिन यांचे इतर लेखन वाचल्यावर तो संशय मावळला, असे सॅक्स यांनीच नमूद केले आहे. संहिता सिद्धांताशी जुळत नाही, तेव्हा आधी लेखकत्वावर शंका घेतली जाते. सिद्धांताकडे बोट मागाहून वळते. १९९१ साली फ्रान्सेस्का हॅपे यांनी अशा तीन प्रौढांच्या आत्मपर लेखनाची चिकित्सा केली. लेखकत्व आता मान्य झाले होते, पण वाचन मुख्यतः लक्षणांचे राहिले. पुढच्याच वर्षी डॉना विल्यम्स यांचे 'नोबडी नोव्हेअर' आले. विली आणि कॅरल या दोन रूपांच्या आड जगलेल्या या निवेदिकेने लजन यांच्या करारातील एकत्व आतूनच सैल केले.

एंडेल टुल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये प्रसंगस्मृती आणि तथ्यस्मृती असा भेद केला होता. त्याच्या आधारे क्रेन आणि गॉडार्ड यांनी २००८ साली स्वमग्न प्रौढांची आत्मस्मृती तपासली. स्वतःविषयीची तथ्ये त्यांना नीट आठवत होती. विशिष्ट प्रसंग आठवणे मात्र तुलनेने कठीण गेले. यावरून 'स्व' अपुरा ठरवणे घाईचे होईल. प्रसंगांची साखळी हीच आत्मत्वाची एकमेव घडण, हे गृहीत मुळात कादंबरीप्रधान युगाचे आहे.

ग्रँडिन यांच्या लेखनातील दारे या संदर्भात पाहावीत. शाळकरी वयात छतावर उघडणारे एक लहान दार त्यांना सापडले, आणि आयुष्यातील पुढच्या टप्प्याचा विचार त्या दाराच्या चित्रातून होऊ लागला. समीक्षक याला सहज प्रतीक म्हणेल. परंतु नुसती कल्पना त्यांना पुरत नव्हती. खऱ्या दारातून प्रत्यक्ष पलीकडे जावे लागे. दार हे येथे विचाराचे साधनच होते.