विदुषी हुआना

स्मरणिकेसाठी एखाद्या विदुषीची माहिती लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले. गार्गी-मैत्रेयींवर पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून मी जरा दूरची निवडली. ती मेक्सिकोतील जोगीण हुआना इनेस. तिला सोर, म्हणजे भगिनी, हुआना म्हणत.

मेक्सिकोवर तेव्हा स्पेनचे राज्य होते. सतराव्या शतकाच्या मध्यास नेपांतला गावी ती जन्मली. आई शेतीवाडीचा कारभार पाही, पण तिला सहीसुद्धा येत नसे. तीन वर्षांची हुआना बहिणीमागोमाग शाळेत गेली आणि मलाही शिकवायला आईने सांगितले आहे, अशी चक्क थाप मारून वाचायला शिकली! पुढे लॅटिनचा धडा ठरल्या मुदतीत आला नाही, तर ती स्वतःचे केस कापून टाकी. विद्येवाचून रिकाम्या डोक्याला केसांचा शृंगार कशाला, हा तिचा हिशेब. पुरुषवेषात विद्यापीठात धाडण्याची विनवणी मात्र आईने मानली नाही.

लग्न नको होते, अभ्यास हवा होता. १६६९ साली तिने सान हेरोनिमो मठात दीक्षा घेतली. तेथे ग्रंथ जमवले, काव्ये व नाटके लिहिली, मठाचे जमाखर्चही सांभाळले.

१६९० साली एका नामांकित धर्मोपदेशकाच्या प्रवचनावरील तिची टीका पुएब्लाच्या बिशपने तिला न विचारता छापली. वर ‘फिलोतेआ’ या जोगिणीचे खोटे नाव घेऊन, लौकिक विद्या सोडून धर्मग्रंथांकडे वळावे, असा उपदेशही केला. बाईला गप्प करायला बाईचेच नाव घ्यावे, याचे मला मोठे नवल वाटते.

१ मार्च १६९१ रोजी हुआनाने उत्तर लिहिले. त्यात स्वयंपाकघरही आहे. अंडे तुपातेलात एकजीव होते, पाकात मात्र फुटते. आंबट फळाचे किंचित पाणी घातले, की पाक पातळ राहतो. पाकात लिंबू पिळताना आपणही हेच करतो की! ॲरिस्टॉटल रांधता, तर त्याने अधिक ग्रंथ लिहिले असते, असा टोलाही तिने हाणला आहे. मला अधिक मोलाचे वाटते ते तिचे दुसरे म्हणणे. पुरुष शिक्षक नको, म्हणून आईबाप मुलींना अडाणी ठेवतात. तेव्हा शिकलेल्या वडीलधाऱ्या बायकांनी मुलींना शिकवावे, असे ती सांगते.

पुढे तिने ग्रंथ व उपकरणे विकून पैसा गरिबांना दिला. हे स्वखुशीने की दडपणाखाली, यावर विद्वानांत वाद आहे. इतक्या प्रेमाने जमवलेले ग्रंथ कोणी सुखासुखी देईल, असे मला तरी वाटत नाही. मठात साथ आली, तेव्हा आजारी भगिनींची शुश्रूषा करता करता १७ एप्रिल १६९५ रोजी ती वारली.

बिशपचा उपदेश तिच्या हयातीतच छापून निघाला होता. तिचे उत्तर छापले गेले १७०० साली, माद्रिदला.