जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, पण नेट चालत नाही? पाच प्रश्नांत दोष शोधा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ न झेपणाऱ्या जुन्या मशीनवर लिनक्स टाकून बघणारे त्यामुळे वाढले आहेत. इन्स्टॉलेशन अर्ध्या तासात होतं, डेस्कटॉप छान दिसतो. मग कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक केलं की कळतं, वायफायचा पत्ताच नाही.

माझ्या मावसभावाचं असंच झालं. बारावीनंतरच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला तीन दिवस उरले होते. मोबाईलवर फॉर्म भरता येतो हो, पण कागदपत्रं स्कॅन करून ठरावीक केबीत बसवायची म्हटलं की लॅपटॉप हवाच. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर त्यानं लिनक्स टाकलं, वायफाय दिसेना. पुन्हा टाकलं, तरी दिसेना. तिसऱ्यांदा दुसरं लिनक्स टाकलं. दोन रात्री गेल्या आणि लॅपटॉप भंगारात द्यायची भाषा सुरू झाली. मग त्यानं मला फोन केला. दोष काय निघाला ते पुढे सांगतो, पण एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा: नेट चालत नाही म्हणून लिनक्स पुन्हा टाकू नका. कारण न शोधता पुन्हा टाकलं तर तीच अडचण पुन्हा तशीच समोर येते.

नेट म्हणजे एक साखळी आहे. कार्ड, त्याचा ड्रायव्हर, वायफायचा स्विच, राउटरशी जोडणी आणि शेवटी वेबसाइटचा पत्ता. यातली एक कडी तुटली तरी आपल्याला एकच दिसतं, ‘नेट नाही’. आपलं काम एवढंच की कुठली कडी तुटली ते शोधायचं. खालचे पाच प्रश्न याच क्रमानं विचारा, उडी मारू नका.

एक सूचना: या लेखातल्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाईप करायच्या. उदाहरणं लिनक्स मिंटची आहेत, उबुंटूवरही बहुतेक तसंच चालतं.

आधी फोन जोडा

वायफायचा ड्रायव्हर घ्यायला नेट लागतं आणि नेटसाठी ड्रायव्हर लागतो. हा तिढा तुमच्या खिशातला फोन सोडवतो.

अँड्रॉइड फोन यूएसबी केबलनं कॉम्प्युटरला जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग उघडा आणि ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्सला फोन हे एक वायरचं नेटवर्क कार्ड वाटतं. यासाठीचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच असतात, त्यामुळे काही सेकंदांत नेट सुरू होतं. फोन घरच्या वायफायवर असेल, तर बहुतेक फोन तेच वायफाय केबलमधून पुढे देतात, म्हणजे मोबाईल डेटाही खर्च होत नाही.

टेदरिंगचा पर्याय फिकट दिसतोय? मग केबल बदलून बघा. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही. आणि मोबाईल डेटावर असाल तर आधी फक्त ड्रायव्हर घ्या. सगळे अपडेट एकदम सुरू केलेत तर रोजचा डेटा पॅक तिथेच संपेल.

राउटर जवळ असेल तर लॅनची वायर हा दुसरा मार्ग. जुन्या मशीनची लॅन पोर्ट लिनक्सवर सहसा लगेच चालते. वायर लावल्यावर पोर्टजवळचा छोटा दिवा लागला पाहिजे. लागला नाही तर वायर किंवा पोर्टमध्ये गडबड आहे.

प्रश्न १: लिनक्सला वायफाय कार्ड दिसतंय का?

टर्मिनल उघडा आणि ही कमांड द्या: एलएसपीसीआय, मग एक जागा, मग उणे चिन्ह आणि त्याला चिकटून एनएनके. मशीनमधल्या सगळ्या कार्डांची यादी येईल. त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ असं लिहिलेली ओळ शोधा. यूएसबीचं वायफाय डोंगल असेल तर एलएसयूएसबी ही कमांड द्या.

कार्डाच्या ओळीत चौकोनी कंसात एक क्रमांक दिसेल. त्याचे पहिले चार आकडे-अक्षरं म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीची खूण:

८०८६ – इंटेल
१६८सी – अथेरॉस
१०ईसी – रिअलटेक
१४ई४ – ब्रॉडकॉम

लॅपटॉपवर बाहेर कुठल्या कंपनीचं नाव आहे याला इथे काही अर्थ नाही. आतली चिप कुणाची आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

यादीत कार्डच नसेल, तर मशीनच्या बायोसमध्ये वायरलेस बंद केलेलं आहे का ते बघा. तिथेही चालू असेल तर कार्ड सैल झालंय किंवा खराब झालंय. अशा वेळी सरळ शेवटच्या भागाकडे जा.

प्रश्न २: ड्रायव्हर आणि फर्मवेअर आहे का?

त्याच यादीत कार्डाच्या ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ येते. ती असेल तर लिनक्सनं कार्डाला ड्रायव्हर जोडलेला आहे. नसेल तर अडचण इथेच आहे.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांत फरक आहे. ड्रायव्हर म्हणजे लिनक्सनं चिपशी कसं बोलायचं ते. फर्मवेअर म्हणजे खुद्द चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम. बऱ्याच चिप सुरू होताना तो कॉम्प्युटरकडून मागून घेतात. ड्रायव्हर असूनही फर्मवेअर मिळालं नाही, तर कार्ड यादीत दिसतं पण काम करत नाही. हे तपासायला ‘सुडो डीएमईएसजी’ ही कमांड देऊन आलेल्या मजकुरात फर्मवेअर हा शब्द शोधा. त्याच्या आसपास ‘फेल्ड’ दिसलं तर दोष सापडला.

आता चिपनुसार काय करायचं ते बघू.

अथेरॉस: जुन्या लॅपटॉपच्या आतली ‘एटीएच९के’ ड्रायव्हरवर चालणारी कार्डं सगळ्यात सोपी. त्यांना वेगळं फर्मवेअर लागतच नाही.

इंटेल: फर्मवेअर लागतं, पण मिंट आणि उबुंटूमध्ये ते आधीच भरलेलं असतं.

ब्रॉडकॉम: जुन्या मशीनची डोकेदुखी बहुतेक वेळा हीच. यातल्या बऱ्याच जुन्या चिपसाठी ‘बी४३’ हा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे, पण त्याला लागणारं फर्मवेअर इतरांनी वाटायची परवानगी परवान्यात नाही. म्हणून ते लिनक्ससोबत येत नाही, नंतर वेगळं उतरवावं लागतं. काही चिपसाठी ‘डब्ल्यूएल’ नावाचा कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो.

मिंटमध्ये फोन जोडून मेनूतलं ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा. तुमच्या कार्डासाठी काय सुचवलंय ते निवडा, लावा आणि मशीन रीस्टार्ट करा. फोनही नसेल, तर ज्या पेन ड्राइव्हवरून मिंट टाकलं तो लावून ठेवा, काही ड्रायव्हर त्यातूनच मिळतात. बी४३ आणि डब्ल्यूएल हे दोन्ही एकदम लावू नका, एकमेकांच्या पायात येतात.

डेबियन वापरत असाल तर आवृत्ती बघा. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असं बंदिस्त फर्मवेअर असतं. त्याआधीच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते नसायचं. जुनी आयएसओ वापरली असेल तर इंटेल आणि रिअलटेकही अडतात.

साधारण २०१२ नंतरच्या मशीनवर आणखी एक अडथळा असतो, सिक्युअर बूट. सही नसलेला ड्रायव्हर तो चालू देत नाही. ड्रायव्हर लावताना पासवर्ड मागितला गेला, तर तो लिहून ठेवा. रीस्टार्ट केल्यावर निळ्या स्क्रीनवर तोच टाकून ड्रायव्हरला मंजुरी द्यायची असते. ती स्क्रीन घाईत ओलांडली की ड्रायव्हर बंदच राहतो.

प्रश्न ३: वायफाय कुणी बंद तर केलेलं नाही?

‘आरएफकिल लिस्ट’ ही कमांड द्या. प्रत्येक वायरलेस उपकरणापुढे दोन ओळी येतात.

‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल तर ते सॉफ्टवेअरनं बंद आहे. ‘सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल’ ही कमांड दिली की सुटतं.

‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ असेल तर कुठलीही कमांड चालणार नाही. त्याचा अर्थ लॅपटॉपवरचा खरा स्विच किंवा बटण बंद आहे. जुन्या लॅपटॉपला पुढच्या कडेला किंवा बाजूला छोटी सरकती पट्टी असायची. काहींना एफएन सोबत दाबायची अँटेनाच्या चित्राची कळ असते.

मावसभावाच्या लॅपटॉपचा दोष हाच होता. कार्ड दिसत होतं, ड्रायव्हर होता, फर्मवेअर होतं. फोनवर त्यानं मला ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ वाचून दाखवलं. मी म्हटलं, लॅपटॉप उचल आणि पुढची कड चाचपून बघ. पाच सेकंद शांतता, मग नुसता हसण्याचा आवाज. बॅगेत ने-आण करताना पट्टी कधीतरी सरकली होती. दोन रात्री, तीन इन्स्टॉलेशन, आणि दोष नखाएवढ्या पट्टीचा.

प्रश्न ४: वायफायचं नाव दिसतंय, जोडणी होतेय का?

इथून पुढे कार्ड ठीक आहे. आता त्याचं वय आडवं येतं.

इतरांची नावं दिसतात, पण तुमचं दिसत नाही: जुनी बरीच कार्डं फक्त २.४ गीगाहर्ट्झवर चालतात. राउटर किंवा फोनचा हॉटस्पॉट ५ गीगाहर्ट्झवर असेल तर ते त्यांना दिसणारच नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ करा. आयफोन १२ किंवा नवीन असेल तर ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू करा. राउटरचा २.४ चा चॅनेल १२ किंवा १३ असेल तर तो १, ६ किंवा ११ करून बघा. देशाची सेटिंग चुकीची असली की कार्ड वरचे चॅनेल टाळतं.

नाव दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडत नाही: राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर आहे का बघा. हे मानक २०१८ मध्ये आलं. त्याआधीच्या बऱ्याच कार्डांना ते झेपत नाही. डब्ल्यूपीए२ किंवा दोन्ही चालतील असा मिश्र पर्याय निवडा. सुरक्षा पूर्ण बंद मात्र करू नका.

मशीनवर विंडोजही आहे आणि लिनक्समध्ये कार्ड कधी दिसतं, कधी नाही: विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. त्यामुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि कार्ड अर्धवट झोपेत राहू शकतं.

प्रश्न ५: जोडलंय, पण साइट उघडत नाही?

आधी ‘आयपी ए’ ही कमांड द्या आणि वायफायच्या नावाखालचा पत्ता बघा. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल किंवा नसेलच, तर राउटरनं पत्ता दिलेला नाही. राउटर बंद करून चालू करा, मग पुन्हा जोडा.

पत्ता ठीक असेल तर ‘पिंग ८.८.८.८’ ही कमांड द्या. उत्तरं येऊ लागली की कंट्रोल आणि सी दाबून थांबवा. मग आकड्यांऐवजी एखाद्या साइटचं नाव देऊन पिंग करा. आकड्याला उत्तर येतं पण नावाला येत नाही, म्हणजे दोष डीएनएसचा आहे, नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. नेटवर्क सेटिंगमध्ये त्या जोडणीच्या आयपीव्ही४ भागात डीएनएस स्वयंचलितवरून काढा, ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहा आणि जोडणी बंद करून चालू करा.

पिंग चालतं, पण ब्राउझर म्हणतो जोडणी सुरक्षित नाही? घड्याळ बघा! जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. साइटचं प्रमाणपत्र मग ब्राउझरला वैध वाटत नाही. नेट आलं की लिनक्स सहसा वेळ आपोआप सुधारतं, पण काही कॉलेज आणि हॉस्टेलच्या नेटवर्कवर ती सेवा अडवलेली असते. तिथे तारीख हातानं बदला. कायमचा उपाय म्हणजे नवा सेल. बहुतेक मशीनना सीआर२०३२ नावाचा लागतो, तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

नेट मधूनच तुटत असेल तर

कार्डाची वीजबचत बंद करून बघा. मिंट आणि उबुंटूमध्ये इटीसी फोल्डरात नेटवर्कमॅनेजर, त्यात कॉन्फ डॉट डी, आणि त्यात ‘डिफॉल्ट वायफाय पॉवरसेव्ह ऑन’ नावाची फाइल असते. सुडोनं उघडून शेवटचा आकडा ३ चा २ करा आणि रीस्टार्ट करा.

कुठे थांबायचं?

सगळं करून कार्ड चालत नसेल तर हट्ट सोडा, यूएसबी डोंगल घ्या. फक्त घेताना आतली चिप विचारा. अथेरॉस एआर९२७१ आणि मीडियाटेक एमटी७६०१यू यांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून आहेत. पाकिटावर मॉडेल तेच असलं तरी नव्या आवृत्तीत चिप बदललेली असू शकते, म्हणून परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या.

आणि पुढच्या वेळी कुणाचं मशीन हातात आलं, तर लगेच इन्स्टॉल करू नका. पेन ड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा तपासा. दहा मिनिटं लागतात आणि डिस्कवरचं काही पुसलं जात नाही.

मावसभावाचा फॉर्म त्याच रात्री गेला. लॅपटॉप अजून चालतोय, आणि त्या पट्टीवर त्यानं चिकटपट्टी लावून ठेवली आहे.