कायदा पाळला की झाले?

परदेशप्रवासाविषयी आपल्याकडे एक मत चांगलेच रुजले आहे. त्या देशाचा कायदा पाळावा, विमा काढावा, पासपोर्ट जपावा. एवढ्याने प्रवाशाचे कर्तव्य संपते. स्थानिकांच्या श्रद्धा आणि रूढी हा निव्वळ सौजन्याचा भाग, आणि सुरक्षिततेशी तर त्यांचा काही संबंधच नाही. या मताला माझा आदरपूर्वक, पण ठाम विरोध आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. निसर्गाचे वैभव साऱ्या मानवजातीचे आहे. श्रद्धेची बंधने श्रद्धावंतांपुरती. ती इतरांवर लादणे अन्यायाचे. धोका पत्करणाऱ्याचा धोका त्याचा स्वतःचा. शिवाय आज ज्यांना प्राचीन रूढी म्हणतात, त्या स्थानिकांनीही काटेकोर पाळल्या होत्या असे नाही. हे मुद्दे पोरकट नाहीत. म्हणूनच ते एका खऱ्या प्रकरणावर घासून पाहू.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी उलुरू हा वालुकाश्माचा प्रचंड खडक सपाट वाळवंटातून 348 मीटर उंच उठला आहे. तो तिथल्या मूळनिवासी अनंगू लोकांचे पवित्र स्थान. चढाईची वाट त्यांच्या पुराणकथेतील माला पूर्वजांच्या मार्गावरून जाते, म्हणून ‘कृपा करून चढू नका’ अशी त्यांची पर्यटकांना विनंती असे. 1983 मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी चढाई बंद करण्याचे आश्वासन दिले. 1985 मध्ये जमीन अनंगूंना परत मिळाली, पण ती 99 वर्षांच्या कराराने सरकारला भाडेपट्ट्याने द्यावी आणि चढाई चालू राहावी, या अटींवर. अखेर 26 ऑक्टोबर 2019 रोजी चढाई कायमची बंद झाली. म्हणजे मधली 34 वर्षे कायदा ‘चढा’ म्हणत होता आणि घरधनी ‘चढू नका’ म्हणून विनवत होता. ‘कायदा पाळला की झाले’ म्हणणाऱ्यांनी सांगावे, त्या 34 वर्षांत सभ्य पाहुण्याने कोणाचे ऐकायला हवे होते?

आता ‘धोका माझा’ हा मुद्दा. 1950च्या दशकापासून या चढाईत किमान 37 जणांनी प्राण गमावले. चढ उभा, दगड गुळगुळीत, ऊन भाजणारे. 1964 मध्ये आधाराची साखळी बसवली, तरी मृत्यू थांबले नाहीत. अनंगूंच्या विनंतीचे दुसरे कारण नेमके हेच होते. त्यांच्या चुकुर्पा या धर्मनियमांनुसार त्यांच्या भूमीवर आलेल्या पाहुण्याची जबाबदारी त्यांची असते. तिथे कोणी मेला तर त्याचा शोक आणि भार त्यांच्यावर येतो. पाय घसरतो तेव्हा शोधायला, उचलून आणायला दुसरेच कोणीतरी जीव धोक्यात घालून जाते. मग धोका एकट्याचा राहिला कुठे? रूढी आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे गृहीतकच इथे कोसळते. विनंती एकच होती. तिच्यात दोन्ही होते.

‘अनंगू वाटाडे स्वतः चढत होते’ हा आक्षेप दखलपात्र आहे. सुरुवातीच्या काळात काही वाटाडे पर्यटकांसोबत वर गेल्याचे दाखले आहेत. पण त्यातून सिद्ध काय होते? ज्यांची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात होती, त्यांच्यातील काहींच्या तेव्हाच्या वागण्यावरून साऱ्या समाजाची आजची संमती काढता येत नाही. संमती विचारावी लागते. ती विचारली गेली तेव्हा उत्तर स्पष्ट होते.

‘निसर्ग सर्वांचा’ हा मुद्दा आपण आपल्याच दारात तपासू. रायगडाच्या किंवा राजगडाच्या दगडावर कोणी नाव कोरले, तर आपण संतापतो. गड सर्वांचाच आहे, हे उत्तर आपल्याला पटते का? पटत नाही. वारसा सर्वांचा असेल, तर तो जपण्याचे बंधनही सर्वांचेच असते. उलुरूच्या माथ्यावर शौचालय नव्हते. तिथली घाण पावसाबरोबर पायथ्याच्या पाणवठ्यांत उतरे. सर्वांच्या वारशाशी वागण्याची ही रीत आहे काय?

प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट अस्त्र मलेशियात आहे. मे 2015 मध्ये किनाबालू पर्वतावर काही परदेशी पर्यटकांनी विवस्त्र होऊन छायाचित्रे काढली. 5 जून रोजी तिथे भूकंप झाला आणि पर्वतावर 18 जण दगावले. पर्वत कोपला, असे काही स्थानिकांनी म्हटले. ही अंधश्रद्धा आम्ही मान्य करायची का, असे विचारले जाईल. मुळीच नाही. भूकंप भूगर्भातील हालचालींनी होतो. पण नियमामागे सांगितलेले कारण चुकीचे ठरले म्हणून नियम तोडणे योग्य ठरत नाही. तिथल्या स्थानिक कादाझान-दुसुन लोकांसाठी तो पर्वत मृतांच्या आत्म्यांचे विश्रांतिस्थान आहे. तिथे नागडे होणे हा अपमान होता. भूकंप झाला नसता तरी होता. न्यायालयानेही त्यांतील चौघांना तीन दिवसांची कैद आणि दंड ठोठावला, तो अश्लील वर्तनाबद्दल, भूकंपाबद्दल नव्हे. आणि भूकंपात अडकलेल्यांना खाली कोणी उतरवले? स्थानिक वाटाड्यांनी. त्यांतल्या काहींनी त्यात प्राण दिले. ज्यांच्या श्रद्धेला आपण तुच्छ लेखतो, त्यांच्याच खांद्यावर आपला जीव असतो.

राहिला, चढाई बंद केली तर पर्यटन बुडेल, हा बागुलबुवा. 1990च्या दशकात उलुरूला येणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक चढत. 2015च्या सुमारास ते प्रमाण 16 टक्क्यांवर आले. म्हणजे बंदी येण्याआधीच बहुसंख्य पाहुण्यांनी विनंती मानली होती, आणि न चढताही ते येतच होते.

दोन्ही बाजू वाचकांपुढे आहेत. निवाडा त्यांनीच करावा. माझी मागणी एवढीच. परदेशी निघताना तिथे कशाला बंदी आहे हे तर वाचाच. पण तिथले लोक काय विनवतात तेही विचारा, आणि विनंती मोडायला दंड नाही म्हणून ती मोडू नका.