मिर्याम, मरीया, मरियम : एका नावाची तीन रूपे

आदिलाबाद जिल्हा हा भाषांच्या सीमेवर वसलेला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्याचे किनवट व राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले. तथापि मराठी बोलणारी पुष्कळ कुटुंबे पैनगंगेच्या दक्षिणेसच राहिली. तेलुगू, गोंडी व निजामाच्या काळापासून रुळलेली उर्दू यांच्या शेजारात ती नांदतात. अशा ठिकाणी बाप्तिस्म्याच्या वेळी ‘मरीया’ हे नाव उच्चारले की ते प्रत्येकाच्या कानावर निराळे पडते. तेलुगू बांधव ‘मरियम्मा’ म्हणतो, मुसलमान शेजारी ‘मरियम’ म्हणतो, आणि खेड्यातील एखाद्या आजीला मरीआईची आठवण होते. म्हणून या नावाचा अर्थ काय, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे; तो धर्मशिक्षकाचाही आहे.

मरीआईशी या नावाचा संबंध नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. मराठीतील ‘मरी’ म्हणजे साथीचा रोग. तो शब्द मरणवाचक धातूवरून आला आहे. ‘मरीया’ हे नाव मूळ इब्री आहे. दोहोंत साम्य आहे ते ध्वनीचे. हे सांगताना शेजाऱ्याच्या श्रद्धेचा उपहास मात्र होऊ नये.

इब्री भाषेत या नावाचे रूप ‘मिर्याम’ असे आहे. ते प्रथम धारण करणारी स्त्री म्हणजे मोशे व अहरोन यांची बहीण (निर्गम १५:२०). जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तेच नाव ‘मरियम’ असे लिहिले गेले, आणि लूक प्रभूच्या मातेसाठी बहुधा हेच रूप योजतो. पुढे ‘मरिया’ हे रूप युरोपभर रूढ झाले. आपल्या मराठी शास्त्रात जुन्या करारात इब्रीनुसार ‘मिर्याम’ व नव्या करारात ग्रीकनुसार ‘मरीया’ असे छापले जाते. परिणामी ही दोन्ही एकच नावे आहेत हे वाचकाच्या ध्यानी येत नाही. तेलुगू शास्त्रातही हाच भेद आहे. उर्दू शास्त्रात मात्र दोघींनाही ‘मरियम’ म्हटले आहे. कुराणातील एकोणिसाव्या सूरेचे नावही तेच. १९९९ साली स्थापन झालेला आदिलाबादचा धर्मप्रांत ज्या सिरो-मलबार परंपरेचा आहे, तिच्या सिरियाक वारशातही ‘मरियम’ हेच रूप आढळते.

अर्थाविषयी विद्वानांत एकमत नाही. कोणी ‘कडू’ या अर्थाच्या शब्दाशी त्याचा संबंध जोडतात. नामीने स्वतःस ‘मारा’ म्हणवून घेतले ते त्याच शब्दावरून (रूथ १:२०). कोणी ‘बंड’ असा अर्थ करतात. मिसरी भाषेतील ‘प्रिय’ या अर्थाच्या शब्दाकडेही बोट दाखविले जाते. ‘समुद्रतारा’ हा लोकप्रिय अर्थ, ‘समुद्राचा थेंब’ अशा लॅटिन शब्दांच्या पाठभेदातून उद्भवला असे मानले जाते. तेव्हा नामकोशातील एखादा अर्थ निश्चित म्हणून शिकविणे उचित नव्हे.

पहिल्या शतकातील यहूदी स्त्रियांत हे नाव सर्वाधिक प्रचलित होते. म्हणूनच शुभवर्तमानांत मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया अशा ओळखी द्याव्या लागल्या. रोम येथील मंडळीसाठी श्रम केलेल्या एका मरीयेला पौलही सलाम सांगतो (रोम. १६:६). प्रभूच्या मातेचे नाव दुर्मिळ वा राजस नव्हते. ते गावोगावच्या मुलींचे नाव होते.

आमच्या मते नावाचा खरा अर्थ ते धारण करणाऱ्यांच्या चरित्रात शोधावा. पहिली मिर्याम दास्यातून सुटलेल्या लोकांपुढे हाती डफ घेऊन गायिली. नासरेथची मरीयाही गायिली, आणि दीनांना उंच करणाऱ्या देवाची तिने स्तुती केली (लूक १:५२). दोन करारांना जोडणारा हा धागा मराठीत अक्षरभेदाने झाकला गेला आहे. तो उघड करणे आपल्या हाती आहे. मुलीचे नाव मरीया ठेवणाऱ्या आईने अर्थ विचारला, तर तिला दोन्ही उतारे एकापाठोपाठ वाचून दाखवावेत. तिच्या कन्येला मिळालेले नाव मुक्तीचे गीत गाणाऱ्या स्त्रियांचे आहे, हे तिला समजेल. आणि मरणाशी जोडलेल्या त्या ध्वनीचे भयही उरणार नाही.