नऊशे वर्षांचा ग्रंथ आणि सोळा वर्षांची तबकडी

इ. स. १०८५ च्या नाताळात इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने आपल्या राज्याची पाहणी करण्याची आज्ञा दिली. पुढील वर्षी त्याचे अधिकारी राज्यभर हिंडले. जमीन कोणाची, नांगर किती, पाणचक्क्या किती, यांची त्यांनी कसून विचारपूस केली आणि ते सारे लॅटिन भाषेत नोंदविले. ‘डूम्सडे बुक’ या नावाने ओळखला जाणारा, चर्मपत्रावर लिहिलेला हा ग्रंथ लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. राजा गेला, त्याचे कारकून गेले, राजवटीही पालटल्या. पण जुने लॅटिन जाणणारा मनुष्य तो ग्रंथ आजही उघडून वाचू शकतो.

या पाहणीला नऊशे वर्षे झाली तेव्हा, म्हणजे १९८६ साली, बीबीसीने तिचीच नवी आवृत्ती सिद्ध केली. देशाचे चार किलोमीटर लांब व तीन किलोमीटर रुंद असे तुकडे पाडून ते शाळाशाळांना वाटून दिले. मुलांनी आपापल्या परिसराची वर्णने लिहिली, छायाचित्रे घेतली, आपला दिवस कसा जातो हेही सांगितले. दहा लाखांहून अधिक लोकांचा या कामाला हातभार लागला. हे सर्व धन लेसर किरणाने वाचावयाच्या, बारा इंच व्यासाच्या दोन तबकड्यांवर साठविण्यात आले. ती वाचण्यासाठी एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मास्टर’ हा संगणक आणि फिलिप्स कंपनीचे खास तबकडीयंत्र अशी जोडी लागे. किरणाचा स्पर्श झिजविणारा नसतो. तेव्हा वाचनाने तबकडी झिजेल अशी काळजी करण्याचे कारण नव्हते.

काळजीचे कारण निराळ्याच ठिकाणी होते. ही यंत्रजोडी महाग होती. ती थोड्याच शाळांना घेता आली. संगणकाच्या पिढ्या मात्र भराभर पालटत होत्या. तो संगणक बाजारातून गेला, तबकडीयंत्रही गेले, आणि २००२ सालापर्यंत चालू स्थितीतील जोड्या अगदी मोजक्या उरल्या. मोडीतील रुमाल सुस्थितीत असावा आणि गावात मोडी वाचणारा एकही नसावा, तशी ही अवस्था झाली. नऊशे वर्षांचा ग्रंथ बोलत होता; सोळा वर्षांची तबकडी मुकी होण्याच्या बेतात होती.

या दुखण्यावरचा उपाय ज्या विचारातून निघाला, तो या तबकडीहून बराच जुना आहे. १९३६ साली ॲलन ट्युरिंग या तरुण इंग्रज गणितज्ञाने असे सिद्ध केले की, दुसऱ्या यंत्राचे नेमके वर्णन पुरविले तर त्या यंत्राचे काम हुबेहूब करून दाखविणारे एकच सर्वसमावेशक यंत्र कल्पिता येते. हा सिद्धांत पुढे व्यापाराच्या उपयोगी पडला. १९६४ साली आयबीएम कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ ही नवी यंत्रमाला जाहीर केली. त्या वेळी तिच्या हजारो ग्राहकांचे हिशेब १९५९ सालच्या ‘१४०१’ या यंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञावलींवर चालत होते. त्या साऱ्या नव्याने लिहावयास लावणे म्हणजे ग्राहक गमावणे होते. म्हणून नव्या यंत्राला जुन्याचे सोंग घेता येईल अशी व्यवस्था त्याच्या अंतर्भागातच करण्यात आली. या सोंगाला ‘एम्युलेशन’ आणि ते वठविणाऱ्या साधनाला ‘एम्युलेटर’ म्हणतात.

त्याची रीत समजण्यास कठीण नाही. संगणकाची प्रत्येक आज्ञा ही अखेर एक संख्या असते, आणि प्रत्येक जातीच्या यंत्रात त्या संख्येचा अर्थ वेगळा असतो. बीबीसी संगणकाच्या ‘६५०२’ कुळातील प्रक्रियकाला १६९ ही संख्या दिसली की तो पुढची संख्या उचलून आपल्या मुख्य खणात ठेवतो. इंटेलचा ‘८०८०’ हा प्रक्रियक त्याच १६९ वरून आपल्या दोन खणांतील संख्यांची एक तार्किक क्रिया करतो. एम्युलेटर जुनी संख्या वाचतो, तिचा जुना अर्थ पाहतो, तो नव्या यंत्राच्या भाषेत पार पाडतो आणि जुन्या यंत्राच्या खणांची खातेवही काटेकोर ठेवतो. आज्ञावलीला वाटते, आपण आपल्याच घरी आहोत.

हे साधन गत यंत्रांपुरतेच नाही. जे हाती आलेले नाही अशा यंत्रासाठीही ते उपयोगी पडते. १९७५ साली ‘अल्टेअर’ या छोट्या संगणकासाठी बेसिक भाषा तयार करताना बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांच्यापाशी ते यंत्र नव्हते. ॲलन यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या मोठ्या ‘पीडीपी-१०’ संगणकाला ‘८०८०’ चे सोंग घ्यावयास लावले. त्यावर पारखलेली आज्ञावली कागदी फितीवर घेऊन ते विमानाने अल्बुकर्कीला गेले, आणि पूर्वी कधीही न पाहिलेल्या यंत्रावर ती चालली.

डूम्सडेच्या तबकड्यांसाठी हीच विद्या कामी आली. इंग्लंडचे लीड्स विद्यापीठ आणि अमेरिकेचे मिशिगन विद्यापीठ यांच्या ‘कॅमिलियॉन’ या संयुक्त प्रकल्पात तबकड्यांवरील मजकूर व चित्रे उतरवून घेण्यात आली. बीबीसी संगणक आणि तबकडीयंत्र या दोहोंचे सोंग घेणारी आज्ञावली सिद्ध झाली, आणि २००२ च्या अखेरीस साध्या आधुनिक संगणकाच्या पडद्यावर १९८६ ची ती पाने पुन्हा उघडली. केवळ मजकूर वाचला असे नव्हे. तो पाहण्याची, एका नकाशातून दुसऱ्यात उतरण्याची मूळची रीतही वाचली.

मात्र एवढ्याने कथा संपली नाही. मुलांनी लिहिलेला भाग बीबीसीने २०११ साली इंटरनेटवर सर्वांना खुला केला. २०१८ साली ती व्यवस्था बंद झाली, आणि तिची प्रत क्यू येथील त्याच राष्ट्रीय अभिलेखागाराने आपल्या संग्रहात ठेवून घेतली. अशा रीतीने राजाच्या कारकुनांच्या आणि शाळकरी मुलांच्या नोंदी अखेर एकाच छपराखाली आल्या.

दोहोंत भेद मात्र राहिलाच. चर्मपत्र कोरड्या जागी ठेवून दिले की शतकभर विसरून जाता येते. यंत्राच्या लेखाला ती सवलत नाही. ज्या संगणकावर आज एम्युलेटर चालतो, तोही उद्या जुना होणार, आणि त्याचेही सोंग घेणारा कोणी तरी लागणार. राज्यकारभाराची, जमिनीची, जन्ममृत्यूची दप्तरे जेव्हा यंत्राच्या स्वाधीन होतात, तेव्हा दप्तर राखणाऱ्याला लेखाबरोबर त्याचा वाचकही राखावा लागतो. हे काम एकदा करून संपत नाही. ते प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाचे असते.