‘हजर’ आणि ‘गैरहजर’ : शब्दावरून ओळी निवडण्याचा इतिहास



शेंकडों ओळींचा तक्ता संगणकावर मांडावा, एखादा शब्द सांगावा, आणि तो शब्द ज्या ओळींत असेल तेवढ्याच ओळी यंत्रानें समोर ठेवून बाकीच्या दृष्टिआड कराव्या, ही सोय आज कचेरी-कचेरींतून आहे. तिला फिल्टर म्हणतात. आपण गाळणी म्हणूं. ही युक्ति संगणकाबरोबर जन्मास आली असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः युक्ति फार जुनी आहे, आणि तिच्या पोटांतला धोकाहि तितकाच जुना आहे.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत पॅरिस येथील डॉमिनिकन मठांत, सेंट-शेरचा ह्यू या पंडिताच्या देखरेखीखालीं, लॅटिन बायबलची शब्दसूचि तयार झाली. कोणता शब्द कोठें कोठें आला आहे हें तींत अकारविल्हे दिलें होतें; परंतु शब्दाच्या मागचें-पुढचें वाक्य दिलेलें नव्हतें. वाचकास प्रत्येक स्थळ मूळ ग्रंथांत काढून पाहावें लागे. म्हणून पुढें वाक्यांसह सूचि करण्यांत आल्या. शब्द सांपडला म्हणजे अर्थ सांपडला असें नव्हे, हा धडा तेव्हांच मिळाला होता.

विसाव्या शतकांत इटलींतील रोबेर्तो बुसा या जेझुइट पाद्र्यास दुसरा धडा मिळाला. संत थॉमस अक्वायनस याच्या ग्रंथांतील ‘सान्निध्या’ची कल्पना त्याला शोधावयाची होती. पण त्या अर्थाचा लॅटिन शब्द धुंडाळून काम भागेना. ग्रंथकाराचा विचार ‘इन्’, म्हणजे आपल्या ‘आंत’ किंवा ‘मध्यें’, या इवल्याशा शब्दाभोंवतीं गुंफलेला होता. तेव्हां बुसानें ‘इन्’ असलेलीं वाक्यें सुमारें १०,००० कार्डांवर हातानें उतरून काढलीं. पुढें १९४९ मध्यें आय. बी. एम. कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांस भेटून त्यानें यंत्रांचें साहाय्य मिळविलें. छिद्रें पाडलेल्या कार्डांवर हें काम चाललें. तीं छिद्रें पाडणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. त्यांचीं नांवें मात्र दीर्घकाल कोणी सांगितलीं नाहींत. एक कोटीहून अधिक शब्दांची ती सूचि १९८० पर्यंत ५६ खंडांत छापून पुरी झाली.

दरम्यान १९७३ च्या सुमारास, अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन यानें ‘ग्रेप’ नांवाची आज्ञावली लिहिली. दिलेली अक्षरें ज्या ओळींत असतील त्या ओळी ती छापून देई. आजच्या गाळणीचें हें अगदीं जवळचें पूर्वरूप होय. १९७९ मध्यें डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचा ‘व्हिसिकॅल्क’ हा संगणकावरील तक्ता बाजारांत आला. पुढील तक्त्यांतून निवडीची सोयहि सर्वांच्या हातीं आली.

आतां धोक्याकडे वळूं. यंत्र अक्षरें जुळवितें, अर्थ जाणत नाहीं. हजेरीच्या तक्त्यांत ‘हजर’ हा शब्द असलेल्या ओळी मागितल्या, तर ‘गैरहजर’ मुलेंहि त्यांत येऊन बसतात, कारण ‘गैरहजर’च्या पोटांत ‘हजर’ आहेच. ‘पात्र’ मागावा तर ‘अपात्र’ येतो. ‘राम’ मागावा तर ‘परशुराम’ येतो आणि ‘आराम’हि येतो. बरें, ‘नेमका तेवढाच शब्द’ अशी अट घातली, तर गैरहजर टळतो. पण कोणी ‘हजर, उशिरा’ असें लिहिलें असेल, तर ती ओळहि निसटते.

जास्तीची ओळ डोळ्यांना दिसते, म्हणून ती काढून टाकतां येते. निसटलेली ओळ दिसतच नाहीं, हें खरें संकट आहे. ‘कुलकर्णी’ शोधणाऱ्यास ‘कुळकर्णी’ सांपडत नाहीं. जुन्या वळणाचा लेखक ‘नाहीं’ लिहितो, नवा ‘नाही’ लिहितो. अनुस्वारासह शोधावें तर नवा लेखक गळतो. शिष्यवृत्तीची यादी अशा रीतीनें केली, तर ज्या मुलाचें नांव निराळ्या वळणानें लिहिलें गेलें, तें मूल कोणाच्याहि दुष्टाव्यावांचून वंचित राहतें, आणि यादी मात्र स्वच्छ, सुबक दिसते.

यास्तव गाळणी वापरणाऱ्यानें दोन गोष्टी कराव्या. तोच शब्द लोक आणखी कसकसा लिहितात, याचा आधीं विचार करावा. आणि यादी झाल्यावर, जो शब्द मागितला तो ज्यांत नाहीं, त्या ओळी उलट मागवून त्यांवरून एकदां नजर फिरवावी. चहा गाळल्यावर चोथा टाकून देण्यास हरकत नाहीं. पण गाळणींत माणसांचीं नांवें असतील, तर वर काय राहिलें तें पाहिल्यावांचून ती झटकूं नये.