दोन सूर्योदयांचं विमान

विमानात बसलो की माझी आई घरी लॅपटॉपवर माझ्या विमानाचा ठिपका बघत बसते. परवा वायफाय गेलं आणि ठिपका वीस मिनिटं जागचा हलला नाही, तर तिने मला सहा मेसेज टाकले! त्यावरून आठवलेली ही गोष्ट.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंड हवाई मार्ग मधोमध तुटला. तो सिंगापूरवरूनच जायचा ना. आता टपाल, सरकारी कागदपत्रं आणि माणसं पोचवायची कशी? उत्तर निघालं ते वेडगळच वाटावं असं: पर्थहून निघायचं आणि थेट हिंदी महासागर ओलांडून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, गॉलजवळच्या कोग्गला तलावात उतरायचं. अंतर सुमारे ५,६५० किमी.

विमान होतं कॅटालिना, पाण्यावर उतरणारं. वेग ताशी २०० किमीच्या आसपास. आता गणित करा. वारा अनुकूल नसेल तर २८ तासांच्या पुढेच! सगळ्यात लांबलेलं उड्डाण ३२ तास ९ मिनिटांचं झालं. इतकं इंधन भरायचं तर बाकी सगळं कमी करावं लागतं, म्हणून प्रवासी फक्त तीन. सुरुवातीला विमान एवढं जड असायचं की दोनातलं एक इंजिन बंद पडलं तर हवेत टिकणंच अवघड. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकअप नावाची चीजच नाही.

त्यात जपानी विमानांची भीती. म्हणून रेडिओ जवळजवळ बंद. दिशा कशी कळायची? ताऱ्यांवरून. विमानांची नावंसुद्धा ताऱ्यांचीच: अल्टेअर, व्हेगा, रायगेल, अँटारेस, स्पायका. एकाच प्रवासात दोनदा सूर्योदय दिसायचा, म्हणून प्रवाशांना 'दुहेरी सूर्योदया'चं प्रमाणपत्रही मिळायचं :)

जून-जुलै १९४३ ते जुलै १९४५ मध्ये क्वांटासच्या माणसांनी अशा २७१ फेऱ्या केल्या. पुढे सेवा कराचीपर्यंत वाढली. एकही विमान गमावलं नाही. मला हे फार मोठं वाटतं. युद्ध संपल्यावर मात्र अमेरिकेकडून उसनी आलेली ही विमानं करारापायी समुद्रात बुडवून टाकण्यात आली. वाईट वाटतं, पण व्यवहार तो व्यवहार.

२४ मार्च २०१८ ला पर्थहून लंडनला थेट प्रवासी विमान निघालं. अंतर सुमारे १४,५०० किमी, वेळ साधारण १७ तास. अडीच पट अंतर, आणि वेळ जवळपास निम्मा. आपण तरीही सीट अरुंद म्हणून कुरकुरतो (मी तर नक्कीच).

पण मला राहून राहून वाटतं ते वेगळंच. त्या तीस तासांत पर्थमधल्या घरच्यांना काय कळत असेल? काहीच नाही. ना ठिपका, ना मेसेज. विमान पाण्यावर टेकल्याची खबर येईपर्यंत नुसती वाट बघायची. अंतराचा आकडा तेव्हाही तोच होता, आजही तोच आहे. कमी झाली ती ही वाट बघणारी वेळ.

असो. आईला आता वीस मिनिटांच्या ठिपक्यावरून हसणार नाही. उतरलो की पहिला फोन तिलाच.